मधुमेहात डोळ्याचा पडदा

मधुमेहात डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची, हानी बारीक रक्तवाहिन्यांपासून सुरू होते. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होऊन रक्त आणि द्रव पाझरू लागतात. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्या उगवतात. यातले बरेचसे घडत असताना माणसाला स्पष्ट दिसत असते. डोळा दुखत नाही, लालही होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत पहिली खूण होती ती चष्म्याचा नंबर एकाएकी बदलल्याची. नवा चष्मा झाला आणि औषधाने साखर उतरल्यावर काही आठवड्यांतच तो चालेनासा झाला. साखरेच्या चढउताराने भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते, म्हणून ती स्थिरावेपर्यंत चष्मा करण्याची घाई नको. त्याहून गंभीर बाब अशी, की तपासणी नंबरापाशीच थांबली होती. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिल्यावर रक्ताचे ठिपके आढळले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही तपासणी निदान होताच करावी, कारण तोवर साखर कित्येक वर्षे वाढलेली असू शकते. नंतर साधारणपणे दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच करावी. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते. सोबत कोणी असावे.

आहाराबाबतचा मोठा गैरसमज गाजराचा. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा आला असेल, तर गाजर, शेवग्याचा पाला, पपई जरूर उपयोगी. मधुमेहाने पाझरणारी वाहिनी मात्र गाजराने बुजत नाही. इथे आहाराने साखर आणि रक्तदाब सांभाळायचा असतो. ताटात पालेभाजी, उसळ, कोशिंबीर भरपूर असावी. भात मोजका, आणि भाकरीही मोजकीच. रस पिण्यापेक्षा अख्खे फळ खावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ रक्तदाब वाढवते, आणि त्याचा ताण आधीच दुबळ्या झालेल्या वाहिन्यांवर पडतो. तंबाखू पूर्ण सोडावी. जेवणानंतर चालल्याने साखरेची उसळी कमी होते.

अमेरिका व कॅनडात झालेल्या आणि १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने हा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. त्याच अभ्यासात, पडदा आधीच बिघडलेल्या काही रुग्णांचा विकार साखर उतरल्यावर सुरुवातीला वाढला. दीर्घकाळात मात्र त्यांनाही फायदाच झाला. म्हणून साखर उतरवायचीच, पण कडक उपवास स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत आणि त्या काळात पडदा तपासून घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्याला उपवासात साखर एकदम घसरण्याचाही धोका असतो.

लेझर आणि डोळ्यातील इंजेक्शने उरलेली नजर बऱ्याच प्रमाणात राखतात. गेलेली दरवेळी परत येत नाही. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळे तरंगू लागले, अथवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.