किरणोपचारानंतरचा गुदाशयातील रक्तस्राव : दुर्बिणीद्वारे उपचार

बालरोगतज्ज्ञाने गुदाशयाच्या विकारावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण साधे आहे. नातवंडाला घेऊन येणारी आजी स्वतःचे दुखणे बोलते ती बाळाच्या औषधाची चिठ्ठी हाती पडल्यावर, उठता उठता. अथाल परिसरातून आलेल्या अशाच एका आजींनी चार महिन्यांपासून शौचावाटे रक्त जाते, असे सांगितले. मूळव्याध समजून मलम चालू होते. चेहरा पांढराफटक पडला होता. पण आपल्या भागात सिकलसेल व कुपोषण नित्याचे असल्याने रक्तक्षयाचे कारण गृहीतच धरले गेले होते. दीड वर्षापूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्यांनी 'लाइट' घेतली होती, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

गुदाशय गर्भाशयमुखाच्या लगेच मागे असतो. त्यामुळे किरणांचा काही अंश त्याच्या पुढच्या भिंतीवर पडतोच. उपचार चालू असताना होणारे जुलाब व कुंथणे बहुधा काही आठवड्यांत शमते. जुनाट विकार निराळा. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आतून बंद होत जातात, रक्तपुरवठा घटतो, ऊती निबर होतात आणि पृष्ठभागावर नाजूक, फुगीर केशवाहिन्यांची जाळी तयार होते. मलाच्या घर्षणानेही ती फुटतात. हा त्रास बहुधा काही महिन्यांनी ते दोन वर्षांत सुरू होतो. क्वचित अनेक वर्षांनीही दिसतो. पुरुषांत प्रोस्टेटच्या किरणोपचारानंतर हेच घडते.

निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी अपरिहार्य आहे, कारण रक्तस्रावामागे नवा कर्करोगही असू शकतो. मात्र पुढच्या भिंतीवरील किरणग्रस्त भागाचा तुकडा सबळ कारणाशिवाय काढू नये. तेथील जखम भरत नाही आणि गुदाशय व योनी यांच्यामध्ये भगेंद्र निर्माण होण्याची भीती असते.

रक्तस्राव किरकोळ असल्यास मल मऊ ठेवणे व धीर देणे पुरते. पुष्कळदा तो आपोआप कमी होतो. सुक्राल्फेटचा बस्ती हा स्वस्त आणि उपयुक्त उपाय आहे. त्याची परिणामकारकता दाखवणारा महत्त्वाचा अभ्यास चंडीगढच्या पी.जी.आय.मधील डॉ. राकेश कोछर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला.

रक्तक्षय होऊ लागला, तर आर्गॉन प्लाझ्मा कोअॅग्युलेशन हा आज सर्वाधिक वापरला जाणारा उपाय होय. दुर्बिणीतून नेलेल्या बारीक नळीतून आर्गॉन वायूचा झोत सोडतात. वायूतून विद्युतप्रवाह वाहतो आणि ऊतीला स्पर्श न होता केशवाहिन्या गोठतात. परिणाम काही मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचत असल्याने भिंतीला भोक पडण्याचा धोका अल्प असतो. आतडे मात्र पूर्ण स्वच्छ हवे. साठलेल्या हायड्रोजन व मिथेन वायूंचा ठिणगीने स्फोट होऊ शकतो. काही आठवड्यांच्या अंतराने एक ते तीन बैठकी बहुधा पुरतात. नंतर व्रण पडणे, दुखणे, क्वचित मार्ग अरुंद होणे संभवते. याने दाद न दिल्यास फॉर्मेलिनचा लेप किंवा उच्चदाब प्राणवायू उपचार यांचा विचार होतो. हा उपाय रक्त थांबवतो. शौचाची घाई, मलावरील ताबा सुटणे किंवा भगेंद्र यांवर तो उपयोगी नाही, हे रुग्णाला आधीच सांगावे.

विकार टाळणे अधिक श्रेयस्कर. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात डॉ. सुप्रिया चोप्रा व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागलेल्या ३०० स्त्रियांचा तुलनात्मक अभ्यास केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत आतड्याचा मध्यम वा तीव्र उशिरा त्रास जुन्या त्रिमितीय पद्धतीत ४२.४ टक्के, तर प्रतिमानिर्देशित आधुनिक पद्धतीत २१.१ टक्के आढळला.

त्याही आधीचा प्रतिबंध आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या हाती आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एच.पी.व्ही. लस द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या स्वदेशी लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे.

त्या आजींचा रक्तस्राव दोन बैठकींनंतर थांबला. त्यांना वाटत होते की कर्करोगच परतला आहे. त्या भीतीपोटी चार महिने त्या गप्प होत्या. म्हणून सर्व वैद्यकबंधू-भगिनींना एकच विनंती : शौचावाटे रक्त जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला 'पूर्वी कधी लाइट किंवा शेक घेतला होता का?' एवढे अवश्य विचारावे. आणि वाचकहो, असा त्रास घरात कोणाला असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.