राज्याची घटना बदलायची, तर कौल मतदाराचा

प्रश्न : अमेरिकेत उमेदवारांबरोबर राज्याच्या घटनादुरुस्तीवरही मतदान होतं, असं वाचलं. ही दुरुस्ती मांडतं कोण आणि मंजूर कशी होते?

उत्तर : आपली घटना 368 व्या कलमानुसार संसद दुरुस्त करते, काही तरतुदींना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. मतदाराला कुणी विचारत नाही. अमेरिकेची केंद्रीय घटनाही थेट मतदानाने बदलत नाही. पण तिथल्या पन्नासही राज्यांना स्वतःची घटना आहे आणि डेलावेअर वगळता सगळीकडे विधिमंडळाने केलेली दुरुस्ती मतदारांच्या संमतीशिवाय लागू होत नाही.

ओहायोचं उदाहरण घ्या. तिथे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तीनपंचमांश बहुमताने ठराव केला की दुरुस्ती मतपत्रिकेवर येते. राज्यपालांची सही लागत नाही. दुसरा मार्ग 1912 पासून थेट नागरिकांच्या हाती आहे. आधी हजार सह्यांचा अर्ज राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे जातो. मसुद्याचा सारांश खरा आणि न्याय्य आहे ना, हे ते तपासतात. मग मागच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 10 टक्के सह्या जमवायच्या, त्याही 88 पैकी किमान 44 काउंट्यांमधून. 2023 मध्ये हा आकडा चार लाखांच्या वर होता. एवढं जमलं की मतदानात निम्म्याहून अधिक मतं पुरतात.

गर्भपाताचा हक्क घटनेत घालण्यासाठी त्या वर्षी सह्या गोळा होत असतानाच विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमताने वेगळीच दुरुस्ती पुढे केली : यापुढे घटना बदलायला 60 टक्के मतं लागावीत आणि सह्या सर्व 88 काउंट्यांमधून याव्यात. ऑगस्टमधल्या खास मतदानात सुमारे 57 टक्के लोकांनी ती फेटाळली. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताची दुरुस्ती मंजूर झाली, तीही जवळपास 57 टक्क्यांनीच. ऑगस्टचा निकाल उलटा लागला असता, तर ती पडली असती.

घटना सहजासहजी बदलू नये, हे मलाही पटतं. फ्लोरिडात 2006 पासून 60 टक्क्यांची अट आहे, नेवाडात नागरिकांनी मांडलेली दुरुस्ती लागोपाठ दोन निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. पण फ्लोरिडातली ती अट स्वतः 58 टक्क्यांच्या आतच मंजूर झाली होती आणि 2024 मध्ये गर्भपाताच्या हक्काला 57 टक्के मतं मिळूनही तिथली दुरुस्ती पडली. अट कडक करायची, तर निदान ती करणाऱ्यांनी आधी स्वतः पाळावी. आणि लोक सह्या जमवत असताना नियम बदलणं हा तर सरळ अन्याय आहे.

दुसरा वाद मतपत्रिकेवरच्या शब्दांचा. गोव्यात 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल आणि केंद्रशासित राहायचं तर दोन पानं, इतकं ते सोपं होतं. ओहायोत मात्र मतपत्रिकेवरचा मजकूर राज्याचं बॅलट बोर्ड ठरवतं. 2024 मध्ये मतदारसंघ आखण्याचं काम राजकारण्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाला द्यावं, अशी दुरुस्ती आली. तिचा हेतू मतदारसंघांची पक्षपाती तोडमोड थांबवण्याचा; बोर्डाने मात्र लिहिलं की, आयोगाला अशी तोडमोड करावीच लागेल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी तो मजकूर बराचसा कायम ठेवला आणि दुरुस्ती पडली.