छायाचित्राची काटछाट : जरा जपून

छायाचित्र सुधारण्यासाठी महागडी प्रणाली विकत घ्यावी लागते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. विंडोजमध्ये ‘पेंट’ हे साधन १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मॅकवर ‘प्रिव्ह्यू’ असते. चित्र फिरविणे, कातरणे व लहानमोठे करणे ही तिन्ही कामे दोहोंत होतात.

घरातील जुन्या छायाचित्रांसाठी मी एक क्रम ठरविला आहे. प्रथम मूळ फाइलची प्रत काढतो आणि त्या प्रतीवरच हात चालवितो. मग चित्र सरळ करतो, नंतर कडा कातरतो. कडा मात्र वाचून कातराव्यात. जुन्या छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर बहुधा स्टुडिओचे नाव व गाव, क्वचित सालही असते. आजीच्या लग्नाचे साल कातरले गेले, तर ते सांगणारे घरात कोणी उरलेले नसते.

आकार शेवटी बदलावा. ४००० × ३००० बिंदूंचे चित्र ८०० × ६०० केले, की १ कोटी २० लाखांपैकी ४ लाख ८० हजार बिंदूच उरतात. म्हणजे अवघा पंचविसावा हिस्सा! पडद्यावर ते ठीक दिसते. पण इंचास ३०० बिंदू या हिशेबाने छापल्यास रुंदी पावणेतीन इंचही भरत नाही. पुन्हा मोठे केल्यास संगणक मधले रंग अंदाजाने भरतो. गेलेला तपशील परतत नाही. शिवाय जेपेग फाइल बदलून साठविताना दर वेळी थोडी माहिती गळते.

तेव्हा मित्रहो, प्रतीवर हवे ते प्रयोग करा. मूळ चित्र मात्र पुढच्या पिढीची ठेव समजून जपा.