आधी पिन काढा, मग पाणी भरा

चैत्र सरला. वैशाख लागला. वऱ्हाडात ऊन रणरणू लागले. सकाळी नऊ वाजल्यापासून झळा सुरू होतात. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अकोला, वर्धा, नागपूर, चंद्रपूर या भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

वच्छलाबाईंचे घर पूर्णा नदीच्या काठच्या एका गावात आहे. घरावर टिनाचे पत्रे आहेत. दोन वर्षांपूर्वी कापूस विकला, तेव्हा घरात लोखंडी कूलर आला. घरात मुलगा गजानन, सून सुमन आणि पाच वर्षांचा नातू बाळू आहे. वच्छलाबाई रात्रीच्या वर्गाला जातात. जोडाक्षर आले की थोडे अडते. पण आता त्या वाचतात आणि लिहितातही.

एके दिवशी दुपारी सुमन कूलरमध्ये पाणी ओतत होती. कूलर चालूच होता. तिचे पाय ओले होते. हात कूलरच्या पत्र्याला लागला. ती एकदम मागे सरली. बादली खाली पडली.

“माय वो! हाताले मुंग्या आल्या,” ती म्हणाली.

गजानन खाटेवर पडला होता. तो म्हणाला, “थोडासा करंट मारते तो. मागच्या सालापासून मारते. त्याले काय होते?”

वच्छलाबाईंनी बाळूकडे पाहिले. तो उघडा होता. पाय पाण्यात होते. कूलरच्या जाळीशी तोंड नेऊन तो ‘आऽ आऽ’ करीत होता. आवाज थरथरतो, म्हणून त्याला गंमत वाटत होती.

वच्छलाबाईंनी नातवाला चटकन मागे ओढले. “गजा, आधी पिन काढ. वायरमनले बोलाव. तोवर ह्या घरात कूलर लागनार नाई.”

“अवो माय, अशा उन्हात?”

“उन्हानं जीव कासावीस होते. करंटनं जीव जाते,” वच्छलाबाई म्हणाल्या.

कूलर गार वारा कसा देतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. तो जवळच्या गावचा होता. त्याने आधी पिन काढली. मग कूलरच्या तिन्ही बाजूंच्या ताट्या उतरवल्या.

वच्छलाबाईंनी विचारले, “भाऊ, याच्यात बरफ नाई, काही नाई. मग वारा गार कसा येते?”

“काकू, माठातलं पानी गार कसं होते?”

“माठ पाझरते म्हनून.”

“बस्, तेच.”

माठाच्या अंगावर पाणी पाझरते. ते पाणी सुकते, म्हणजे त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी माठातूनच घेते. म्हणून आतले पाणी गार होते.

ही उष्णता किती असते? चुलीवर एक लिटर पाणी ठेवा. बर्फासारख्या गार पाण्याला उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून जास्त उष्णता ते सारे पाणी आटवायला लागते. कूलरमध्येही पाणी आटते. पण ते चुलीची नव्हे, तर वाऱ्याची उष्णता घेते. म्हणून वारा गार होतो.

पूर्वी दाराला वाळ्याचे पडदे लावीत आणि त्यांवर पाणी शिंपडीत. कूलर हेच काम विजेवर करतो. खाली टाकी असते. टाकीत छोटा पंप असतो. तो नळीने पाणी वर चढवतो. वरच्या पन्हळीतून पाणी ताट्यांवर पडते. ताट्यांत वाळा किंवा लाकडाचा बारीक कीस भरलेला असतो. पंखा बाहेरचा वारा या ओल्या ताट्यांतून ओढतो आणि घरात सोडतो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, हवा कोरडी असेल तरच कूलर चालतो. कोकणात हवा दमट असते. तिथे पाणी लवकर सुकत नाही. म्हणून तिथे कूलरचा फारसा उपयोग होत नाही. विदर्भात पाऊस सुरू झाला की तीच गोष्ट होते. दुसरी, आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट हवी. कूलर खिडकीत ठेवावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. सारे बंद केले तर घरात घामट होते.

करंट कुठून आला?

वायरमनने पंप टाकीतून वर काढला. पंपाची वायर मध्येच जोडलेली होती. जोडावर पट्टी गुंडाळली होती. पट्टी सुटून जोड पाण्यात पडला होता.

मग त्याने पिन हातात घेतली. कूलरच्या पिनेला तीन दांडे असतात. इथे वरचा जाड दांडा नव्हता.

“हा कोनं तोडला?” त्याने विचारले.

गजानन खाली पाहू लागला. “म्याच तोडला. बोर्डाले दोनच भोकं होते. पिन बसत नव्हती.”

वायरमन रागावला नाही. तो म्हणाला, “दादा, हाच दांडा तुमचा राखणदार व्हता.”

जाड दांड्याची तार कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. पत्र्यात वीज उतरली, तर ती या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. दांडा तोडला की ही वाट बंद होते. मग वीज पत्र्यावरच थांबते. माणसाने हात लावला की ती माणसाच्या अंगातून जमिनीत जाते. पाय ओले असले, जमीन ओली असली, की तिला वाट सोपी होते. काल मुंग्या आल्या, आज जीव जाऊ शकतो.

पंप लहान असतो म्हणून फसू नका. त्यालाही घरातली २३० व्होल्टचीच वीज लागते.

“पन फ्यूज हाय ना घरात?” गजाननने विचारले.

फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. तो उडायला पुष्कळ वीज लागते. माणूस मरायला त्याहून फार थोडी वीज पुरते. माणसाच्या रक्षणासाठी वेगळा खटका मिळतो. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली की तो क्षणात बंद पडतो. तो वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

वायरमनने पंपाला नवी, सलग वायर लावली. बोर्ड आणि पिन तीन दांड्यांची बसवली. अर्थिंगची तार घराच्या अर्थिंगला नीट पोचते का, तेही पाहिले. अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होते. त्याने त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितले. उन्हाळाभर असे अधूनमधून करावे.

घरी करता येईल अशी दुरुस्ती

वायरमन म्हणाला, “विजेचं काम मले सांगा. बाकीचं तुमच्या हातचं हाय.” हात लावण्याआधी प्रत्येक वेळी पिन काढावी. नुसता खटका बंद करणे पुरे नाही.

१. पाणी वर चढत नाही. टाकीत पाणी आहे का पाहा. पंप पाण्यात बुडलेला हवा. कोरडा पंप चालला तर जळतो. पंपाच्या जाळीत कीस किंवा गाळ अडकतो. तो काढा. नळी धुवा.

२. एक ताटी कोरडी राहते. तिकडून गरम वारा येतो. वरच्या पन्हळीची भोके बुजली असतील. ती काडीने मोकळी करा. कूलर एका अंगाला कलला असेल, तर तो सपाट ठेवा.

३. ताट्यांवर पांढरा थर बसतो. हे पाण्यातले क्षार आहेत. पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तिथे हा त्रास जास्त. पाणी आटते, पण क्षार मागे राहतात. नुसते वरून पाणी भरत राहू नका. आठवड्यातून एकदा सारे पाणी काढून टाका. ताट्या दगडासारख्या कडक झाल्या तर बदला.

४. घाण वास येतो. टाकीत शेवाळ झाले असेल किंवा ताटी कुजली असेल. टाकी घासा. ताटी बदला. नवी ताटी लावण्यापूर्वी धुऊन घ्या.

५. टाकी गळते. टाकी कोरडी करा. गंज घासून काढा. भोकावर गळती बुजवायचा मसाला लावा. वाळल्यावर रंग द्या.

६. पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही. पिन लगेच काढा. ही दुरुस्ती घरी करू नका. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून राहते. वायरमनला दाखवा.

टाकीतला दुसरा शत्रू

वायरमन टाकी रिकामी करीत होता. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. त्या डासांच्या होत्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तो बहुधा दिवसा चावतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. टाकी रिकामी करावी आणि कडा खरखरून घासाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात. ती कोरडी असली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी आले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून मृग लागल्यावर कूलर ठेवून देतानाही टाकी घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवावी.

कोणाला शॉक बसला तर

त्याला हात लावू नका. नाही तर तुम्हीही चिकटाल. आधी पिन काढा किंवा मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा. ओली काठी किंवा लोखंडी सळई घेऊ नका. श्वास बंद असेल तर १०८ नंबरला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरजोराने, भरभर दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्या.

वच्छलाबाईंची चिठ्ठी

काम संपले. वायरमनने कूलर लावला. टेस्टर पत्र्याला लावून पाहिला. तो पेटला नाही.

“म्हंजे आता भ्याव नाई?” सुमनने विचारले.

“टेस्टर पेटला तर भ्याव नक्की हाय. नाई पेटला म्हनून गाफील राहू नका, वहिनी. पानी भरताना पिन काढलेलीच पाहिजे. पायात कोरडी चप्पल पाहिजे. लेकरू दूर पाहिजे.”

संध्याकाळी वच्छलाबाईंनी पाटीपेन्सिल बाजूला ठेवली. बाळूच्या वहीचा एक कागद घेतला. मोठ्या अक्षरांत त्यांनी चार शब्द लिहिले, दोनदा खोडले, मग पाचवाही लिहिला. तो कागद त्यांनी बोर्डाच्या वर भिंतीला चिकटवला. गजाननने तो मोठ्याने वाचला :

‘आधी पिन काढा. पाणी मग.’

“माय, ‘पिन’ची वेलांटी बरोबर हाय,” तो म्हणाला.

“वेलांटी राहू दे. तू पिन काढ,” वच्छलाबाई म्हणाल्या. “बाळूचं पानी भरायचं राह्यलं.”

गजाननने चप्पल घातली. पिन काढली. मग बादली उचलली.

सांगा पाहू

१. माठातले पाणी गार का होते?
२. पिनेच्या जाड दांड्याचे काम काय?
३. फ्यूज असूनही माणसाला धोका का असतो?
४. टाकी आठवड्यातून एकदा का घासावी?
५. तुमच्या घरच्या कूलरच्या पिनेला किती दांडे आहेत? आजच पाहा आणि वहीत लिहा.