डब्याची सुट्टी सोडू नकोस

चि. सायलीस,


काम आवडतंय, पण ऑफिसातल्या बारीकसारीक गोष्टींनी जीव वैतागतो, आणि एवढ्याशा गोष्टींची तक्रार तरी काय करायची, असं तू लिहिलं आहेस. मला त्या एवढ्याशा वाटत नाहीत गं. जागेपणीचे निम्म्याहून जास्त तास तू तिथे काढतेस. रोजचा त्रास गिळत गेलं की तो साठतो आणि एक दिवस भलत्याच माणसावर निघतो. म्हणून तो लहान असतानाच, जो दूर करू शकतो त्याच्या कानावर घालावा.

एसीचंच बघ. तुझी खुर्ची नेमकी झोताखाली. तुला थंडी सोसत नाही असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. ऑफिसातल्या तापमानाचे जुने ठोकताळे साधारण सत्तर किलो वजनाचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले होते. बैठ्या कामात बायकांचं शरीर त्याहून कमी उष्णता तयार करतं, हे 2015 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. पण येता-जाता ‘फार गार आहे हो’ म्हणून काहीच हलत नाही. अ‍ॅडमिनला मेल कर: अमुक मजला, अमुक जागा, झोत थेट मानेवर येतो, जाळीच्या पट्ट्या वळवून द्या. नेमकं सांगितलं की माणसं ऐकतात. तोवर खणात एक शाल असू दे.

कपड्यांवर पहिला पगार उधळू नकोस. कडक इस्त्रीचा कुर्ता लोकलच्या गर्दीत कुर्ल्यापर्यंतही टिकत नाही. बारीक छापाचा सुती असला तर चुरगळलेला दिसत नाही. पावसाळ्यात रबरी चपला घालून जा, ऑफिसचे बूट तिथेच ठेव. आयकार्डची दोरी ओढणीत अडकते, तर ओढणी पिन कर. फोन स्पीकरवर टाकून बोलणाऱ्या शेजाऱ्याला एकदा बाजूला घेऊन सांग.

जेवणाचं मात्र मला मनापासून लागलं. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात माऊस, दीडची मीटिंग चालू, आणि उरलेली आमटी संध्याकाळी तशीच घरी परत. हे चालू देऊ नकोस. ज्या मुंबईत 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली, आणि मावळ-जुन्नरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत घरचं जेवण वेळेवर नेत आली, तिथे डबा समोर असून जेवायला वेळ नाही, हे बरोबर नाही. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातही कामाच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आहे. तेव्हा साहेबांना सरळ सांग, ‘दीड ते दोन मी जेवायला असते,’ आणि कॅलेंडरवर तसं लिहून ठेव. खरोखरची निकड आली तर थांब, पण रोजची नव्हे.

सुकटीच्या डब्याला कुणी नाक मुरडलं म्हणून तू कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जेवतेस, हे वाचून वाईट वाटलं. मायक्रोवेव्ह सगळ्यांचा आहे आणि बंद पॅन्ट्रीत वास रेंगाळतो, ही दुसऱ्याची अडचण आपण समजून घ्यावी. सुकट तिथे गरम करू नकोस; कांदा घालून कोरडी परतलेली गारही चांगली लागते. पण डबा लपवायचा नाही. आपल्या घरचं अन्न आहे ते. चारचौघांत बसून, मान वर करून खा, कुणी मागितली तर वाढ. नव्या ऑफिसात माणसं ओळखीची होतात ती मीटिंगमध्ये नाही, एकमेकांची भाजी चाखताना. पुढे अडीनडीला हीच माणसं धावून येतात.

एसीची मेल सोमवारीच पाठव. आणि दीड वाजले की खुर्चीवरून ऊठ, मग समोर कुठलीही फाईल असो.

तुझी,
मावशी