मुले परदेशी का जाऊ पाहतात?

परदेशी जाणारा तरुण पैशाच्या मोहाने जातो व समाजाला विसरतो, असे आपल्या सभांमधून सर्रास बोलले जाते. बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज हाताळताना मला हे अर्धेच खरे वाटते.

मुले उदाहरण देतात ते बाबासाहेबांचे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, तर राहायला जागा मिळेना. कचेरीतील शिपाई कागद लांबून टाकीत. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले. परतणारा परतला होता, शहराने त्याला ठेवून घेतले नाही. आजही भाड्याचे घर पाहताना आडनावाचा प्रश्न आडवळणाने येतोच, आणि तो टळावा ही इच्छा मुलांच्या मनात असते. तिकडे जात सुटते, हा मात्र भ्रम आहे. अमेरिकेतील सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला!

आता न परतण्याविषयी. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी साऱ्या महाराष्ट्रात वर्षाला ७५. बाकीच्यांना कर्जाचाच आधार. मोठ्या कर्जाला बँक साधारणतः तारण मागते. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांना मालकी पट्टा नाही. कुठे घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. असे अर्ज टेबलावरच अडतात. ज्याचे कर्ज मंजूर होते, त्याला इथल्या पगारात हप्ता झेपत नाही. तो तिकडेच राहतो, आणि आपण त्याला समाज विसरला म्हणतो. शिष्यवृत्तीवर गेलेल्याला निदान परतणे परवडते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच पालकांनी वारसनोंद व पट्ट्याचे काम हाती घ्यावे. जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला व पारपत्र हे कागद जाहिरात निघण्यापूर्वी तयार ठेवावेत. जाहिरातीनंतर मुदत थोडी असते आणि दाखल्यांच्या रांगा मोठ्या असतात.