मुंबई ते लंडन : किती लांब, किती वेळ?

प्रौढ वर्गातल्या एका आजींची नात परिचारिकेच्या नोकरीसाठी लंडनला निघाली होती. महिना जानेवारीचा. तिकिटावरचे आकडे आजींनी स्वतः वाचले आणि त्या विचारात पडल्या.

"गुरुजी, विमान दुपारी दीडला मुंबईहून निघतं, अन् संध्याकाळी सहाला लंडनला उतरतं. म्हणजे साडेचारच तास? एवढा वेळ तर आमच्या एस.टी.ला मुंबईहून पुण्याला जायला लागतो!"

गुरुजी म्हणाले, "आजी, वाचलंत ते बरोबर आहे. पण निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, अन् पोचायची वेळ लंडनच्या घड्याळाची. किलोतून शेर वजा करून कसं चालेल?"

घड्याळे वेगळी का? पृथ्वी स्वतःभोवती फिरते. म्हणून पूर्वेकडच्या देशात दिवस आधी उगवतो. भारत लंडनच्या पूर्वेला आहे. पृथ्वीचा एक फेरा ३६० अंशांचा. त्याला २४ तास लागतात. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. लंडनमधील ग्रिनिच शून्य अंशावर आहे. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरतात. साडेब्याऐंशी गुणिले ४, म्हणजे ३३० मिनिटे. म्हणजेच साडेपाच तास. तेवढे आपले घड्याळ पुढे.

आता हिशेब करू. लंडनला संध्याकाळचे ६ वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दुपारी दीडपासून रात्री साडेअकरापर्यंत १० तास झाले. खरा प्रवास एवढा.

मुंबई ते लंडन अंतर सरळ मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. उंच गेल्यावर विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. या हिशेबाने ८ तास पुरायला हवेत. पण वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. वाटही अगदी सरळ नसते. शिवाय उंचावर पश्चिमेचा जोराचा वारा असतो. जाताना तो समोरून येतो. परत येताना तोच पाठीशी असतो, म्हणून सुमारे ९ तासच लागतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले होते. आता मध्ये न थांबता जाता येते.

हा हिशेब कशाला हवा? साडेचार तासच धरले, तर घरची माणसे संध्याकाळी सहापासून फोनची वाट बघतील. तेव्हा विमानाची निम्मी वाटही झालेली नसते. मग उगाच जिवाला घोर! आपणही सकाळी ९ वाजता फोन केला, तर तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पोर झोपेत असते.

मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत इंग्लंडात घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा धरावा.

लक्षात ठेवा : आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा. मग वजाबाकी करा.

सोडवा : जानेवारीत विमान लंडनहून रात्री ९ वाजता निघाले. ते ९ तासांनी मुंबईला उतरले. तेव्हा मुंबईत किती वाजले होते?
(उत्तर : सकाळचे साडेअकरा.)